सुनेच्या माहेरून आलेला पांढरा जेड: खरा आहे का, आणि चिनी लोकांना या दगडाचं एवढं कौतुक का?

पारोळ्याची_ताई

नमस्कार मंडळी. प्रश्न घरगुती आहे, पण इथे सराफातले जाणकार असतात म्हणून विचारते.

माझ्या पुतण्याचं लग्न नुकतंच जळगावला झालं. मुलगी सिंगापूरची, घराणं मूळचं चिनी. पोर गोड आहे, कळण्याची भाकरी आणि भरीत मागून खाते. पण चुड्याच्या दिवशी घोळ झाला. तिच्या डाव्या मनगटात हिरव्या दगडाची जाड, अखंड बांगडी आहे. कासारीण म्हणाली, ही काढा मग चुडा भरते. बांगडी निघेना. साबण झाला, खोबरेल झालं. शेवटी पोरीच्या डोळ्यांत पाणी आलं तेव्हा आमच्या लक्षात आलं, की बांगडी निघत नाही हा भाग वेगळा, तिला ती काढायचीच नाही. आजीने घातलेली आहे म्हणे. मग तिच्याच मागेपुढे चुडा भरला.

दुसरी गोष्ट. तिच्या आईने माझ्या जाऊबाईंना रेशमी डबीतून एक गोल चकती दिली. साधारण दोन बोटं रुंद, मधे भोक, त्यात लाल दोरा. आणि रंग हिरवा नाहीच! थिजलेल्या साजूक तुपासारखा. विहीणबाईंनी दोन्ही हातांनी दिली आणि सगळे सुखरूप राहा असं काहीसं म्हणाल्या. आम्ही त्यांना पैठणी आणि चांदीचा करंडा दिला होता.

आता घरात कुजबुज चालू आहे. ओळखीच्या एका सोनाराने बघून सांगितलं, "जेड हिरवा असतो, हा संगमरवर दिसतो." सासूबाई तर तोंडावरच म्हणाल्या, "सोनाना गावमा दगड काय ली उनी?" (सोन्याच्या गावात दगड काय घेऊन आली?) जाऊबाईंनी डबी कपाटात टाकली. पोरगी दिवाळीला येणार आहे. ती चकती खरी की खोटी हे इथल्या इथे कळेल का? आणि त्या लोकांना या दगडाचं इतकं कशासाठी?

तोळामासा

ताई, एकच प्रश्न विचारा. मोडीला किती येतील? तेच उत्तर. बाकी सगळ्या गप्पा.

खडेवाला_जळगाव

तोळामासा भाऊंना आधी उत्तर देतो. मोडीला शून्य येतील. खरी गोष्ट तिथूनच सुरू होते.

मी सोनार नाही, खड्यांचा माणूस. सराफात कोंदणाचं काम करतो. आपल्याकडे आजीच्या पाटल्या मोडून आईचा गोफ होतो, गोफ मोडून नातीचा हार. वस्तू जाते, सोनं राहतं. घट आणि घडणावळ सोडली तर बुडत काही नाही, म्हणून तर आपण सोनं घेतो. जेडचं सगळं उलटं. ते आटवता येत नाही, ओतता येत नाही, ठोकून वाढवता येत नाही. फुटलं की संपलं. त्यामुळे मोल असतं ते त्या वस्तूचं, ती आहे तशी, अखंड, एका हातातून दुसऱ्या हातात जाण्याचं. चिनी लोकांत म्हणच आहे, सोन्याला भाव असतो, जेडला नसतो, म्हणजे ते अनमोल. आपल्या गल्लीत हे वाक्य बोललो तर लोक मला घरी पोचवतील.

भाऊ, तुमच्यासाठी एक हिशोब देतो. १९६८ साली चीनच्या हपै प्रांतात मानछंग नावाच्या ठिकाणी लिऊ शंग या राजपुत्राची कबर सापडली. हा मेला इसवी सनापूर्वी ११३ मध्ये. डोक्यापासून पायापर्यंत जेडच्या चौकोनी पट्ट्यांचा पोशाख घालून त्याला पुरलं होतं. पट्ट्या २४९८. त्या एकमेकींना शिवलेल्या सोन्याच्या तारेने, आणि तार सुमारे ११०० ग्रॅम. दहा ग्रॅमचा तोळा धरला तर ११० तोळे सोनं, आणि त्याचा उपयोग शिवायचा दोरा म्हणून! त्यांची समजूत अशी की जेडमध्ये ठेवलेलं शरीर कुजत नाही. कबर उघडली तेव्हा आत माती झालेली होती, ते सोडा. पण दगड कोण आणि दोरा कोण, हे बघा.

आता ताई, तुमची चकती. असल्या मधे भोक असलेल्या चकत्या तिकडे पाच हजार वर्षांपूर्वीपासून होतात. हांगचौ शहराजवळ ल्यांगचू नावाच्या जुन्या संस्कृतीच्या कबरी आहेत, २०१९ मध्ये ती जागा जागतिक वारसा यादीत आली. तिथे जेडच्या चकत्या आणि बाहेरून चौकोनी, आतून गोल अशा नळ्या निघाल्या. त्यातली एक नळी साडेसहा किलोची आहे आणि तिच्यावरच्या चेहऱ्यांच्या रेघा भिंग लावून बघाव्यात इतक्या बारीक आहेत. लोखंड तेव्हा नव्हतंच, आणि असतं तरी छिन्नीने जेड कोरता येत नाही. ते घासावं लागतं. दोरीला ओली कडक वाळू लावायची आणि ओढत बसायचं. वाळू दगड खाते, दोरी नुसती वाळू ओढते. मी पाचूला पैलू पाडणाऱ्या कारागिरांजवळ बसलेलो आहे. मोटरच्या चाकावरसुद्धा एक खडा माणसाचा घाम काढतो. दोरीने एवढी मोठी नळी म्हणजे कुणाचं तरी अर्धं आयुष्य. पुढे जुन्या विधिग्रंथांत चकती आकाशाच्या पूजेला आणि नळी पृथ्वीच्या पूजेला, असं लिहिलं गेलं. तुमच्या डबीतली चकती म्हणजे त्याच आकाराचं घरगुती रूप. लेकरांच्या, म्हाताऱ्यांच्या गळ्यात घालतात, सुखरूप राहावं म्हणून. विहीणबाई बोलल्या ते तेच.

सोनाराने संगमरवर म्हटल्याचं वाईट वाटून घेऊ नका, ही फार जुनी रीत आहे. हान फेइ नावाच्या विचारवंताच्या ग्रंथात, म्हणजे इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकातल्या, एक गोष्ट आहे. छू राज्यातल्या प्येन ह नावाच्या माणसाला डोंगरात एक धोंडा सापडला. आत जेड आहे हे त्याला कळलं. त्याने तो राजाला नेऊन दिला. दरबारच्या जोहऱ्याने बघितलं आणि सांगितलं, साधा दगड. राजाने फसवणूक म्हणून त्याचा डावा पाय तोडला. तो राजा गेला, दुसरा आला. हा पुन्हा धोंडा घेऊन हजर. पुन्हा जोहरी, पुन्हा "साधा दगड", आणि उजवा पाय गेला. तिसरा राजा गादीवर आला तेव्हा हा डोंगराच्या पायथ्याशी धोंडा कवटाळून तीन दिवस तीन रात्री रडत बसला. राजाने माणूस पाठवून विचारलं, पाय तर पुष्कळांचे तुटतात, तू एवढा का रडतोस? तो म्हणाला, पायांसाठी नाही रडत. रत्नाला दगड म्हणतात आणि खऱ्या माणसाला लबाड, म्हणून रडतो. मग धोंडा फोडून घासला, आत अप्रतिम जेड निघालं. त्याची चकती केली आणि तिला त्याचंच नाव मिळालं. पुढे इसवी सनापूर्वी २८३ च्या सुमारास ती चाओ राज्याकडे असताना छिन नावाच्या दुसऱ्या राज्याच्या राजाने तिच्या बदल्यात १५ शहरं देऊ केली. चाओचा दूत लिन श्यांगरू ती घेऊन गेला, राजाची नियत फिरलेली दिसली तेव्हा खांबाजवळ उभा राहून म्हणाला, जबरदस्ती केलीत तर डोकं आणि चकती दोन्ही या खांबावर फोडतो. आणि चकती अखंड परत आणली. म्हणजे बघा, धमकी कशाची, तर फोडण्याची. सोन्याचा गोळा असता तर राजा म्हणाला असता, आपट बाबा, वितळवून घेऊ.

चिनी गुरू कन्फ्यूशियसचंही सांगतो, कारण त्याच्याशिवाय बांगडीचं कोडं सुटत नाही. विधींचा एक मोठा जुना ग्रंथ आहे, लीची नावाचा. त्यात शिष्य विचारतो, सज्जन माणसं जेडला एवढं का मानतात, दुर्मीळ म्हणून? गुरू म्हणतो, नाही. त्याचा स्पर्श ऊबदार आणि मऊ, ती दया. कडा असतात पण कापत नाहीत, तो न्याय. वाजवलं तर स्वच्छ, लांब नाद येतो आणि एकदम थांबतो, ते संगीत. आणि त्यातला दोष सौंदर्याला झाकत नाही, सौंदर्य दोषाला झाकत नाही, ती निष्ठा. हे शेवटचं मला फार पटतं. आमच्या धंद्यात पाचूच्या भेगांत तेल भरतात आणि गिऱ्हाइकासमोर कुणी बोलत नाही.

त्याच ग्रंथात असंही आहे की सज्जनाने कारणाशिवाय अंगावरचं जेड उतरवू नये. कमरपट्ट्याला जेड असायचंच, अपवाद एकच, सुतक. आता विचार करा, तुम्ही त्या पोरीला लग्नाच्या दिवशी हातातलं काढायला सांगत होतात. तिने ग्रंथ वाचलेत असं माझं म्हणणं नाही, पण रीत अशीच झिरपत येते. आपल्याकडे सवाष्णीला भलत्या वेळी बांगड्या उतरव म्हटलं तर सासूबाईच आधी उसळतील.

ती बांगडी मुद्दाम घट्ट मापाची घेतात, हात वाढला की निघत नाही. अंगावर राहून तिचा रंग खुलतो असं ते मानतात. माणूस जेडला पोसतो आणि जेड माणसाला. आणि फुटलीच तर घाबरत नाहीत. माणसावरचा घाव दगडाने झेलला म्हणतात, तुकडे जपून ठेवतात किंवा सोन्याच्या पट्टीने सांधून घेतात.

आता परीक्षा. सुई तापवून लावणे, काचेवर ओरखडणे, असले यूट्यूबी उद्योग करू नका. सराफाकडे दोन दशांशापर्यंत दाखवणारा काटा असतोच. दोरा काढून चकतीचं वजन घ्या. मग काट्यावर पाण्याचा ग्लास ठेवा आणि काटा शून्य करा. चकती बारीक दोऱ्याने पाण्यात पूर्ण बुडवून लोंबती धरा, तळाला किंवा कडेला टेकता कामा नये, बुडबुडे बोटाने झटका. काटा आता जो आकडा दाखवेल त्याने पहिल्या वजनाला भागा. संगमरवर असेल तर २.७ च्या आसपास. सर्पेंटाइन नावाचा मऊ दगड जेड म्हणून खूप विकतात, तो २.६ च्या घरात. खऱ्या जेडचे दोन आकडे आहेत. दोन का, ते तुमचं उत्तर आलं की सांगतो.

बऱ्हाणपूरकर

खडेवाला, छान लिहिलंत. एक भर घालतो, कारण हे प्रकरण आपल्या खानदेशला अगदीच परकं नाही. बऱ्हाणपूर म्हणजे मोगलांच्या खानदेश सुभ्याची राजधानी, आणि इथे ऊठबस असलेल्या शहाजहानला जेडचं वेड होतं. त्याचा पांढऱ्या जेडचा मद्याचा पेला लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. एका टोकाला बोकडाचं डोकं, खाली कमळाची पाकळी, साल १६५७. पेल्याची भिंत इतकी पातळ घासलीय की उजेड आरपार जातो. मोगलांना हा दगड मध्य आशियातल्या खोतानकडून यायचा, आणि चीनच्या बादशहांनाही तिथूनच. गंमत म्हणजे पुढे अठराव्या शतकात चीनचा छ्येनलुंग बादशहा हिंदुस्थानी घडणीच्या जेडवर एवढा लुब्ध झाला की त्याने त्यावर कविता केल्या आणि त्या वस्तूंवर कोरून घेतल्या. लांब जायला नको असेल तर हैदराबादच्या सालारजंग संग्रहालयात जेडचं अख्खं दालन आहे, जहांगीरचा खंजीर आणि नूरजहाँची फळं कापायची सुरी तिथेच आहेत.

पारोळ्याची_ताई

बापरे, पाय तोडल्याची गोष्ट जाऊबाईंना वाचून दाखवली. त्या म्हणाल्या, त्या सोनाराला पाठव.

जाऊबाईंच्या भावाच्या दुकानात वजन केलं. कोरडी चकती १४.६० ग्रॅम. पाण्यात लोंबती धरल्यावर काट्यावर ४.९५ आलं. पहिल्यांदा ग्लासाच्या तळाला टेकत होती म्हणून आकडा उड्या मारत होता, मग पेनाला दोरा बांधून पेन दोन डब्यांवर आडवा ठेवला. भागाकार २.९४ आणि काहीतरी येतो. आता हे काय ते सांगा, सासूबाई पण शेजारी बसल्यात.

खडेवाला_जळगाव

पेनाची युक्ती झकास. २.९५ धरा. ताई, संगमरवर नाही. सर्पेंटाइन नाही, क्वार्ट्झ म्हणजे गारगोटीही नाही. आकड्यावरून हे नेफ्राइट दिसतंय, आणि चिनी माणूस हजारो वर्षं ज्याला जेड म्हणत आला ते हेच.

१८६३ साली दामूर नावाच्या फ्रेंच खनिजतज्ज्ञाने दाखवून दिलं की जेड नावाखाली दोन वेगवेगळे दगड फिरतात. एक नेफ्राइट, घनता (म्हणजे तुम्ही काढलात तोच भागाकार) २.९५ च्या जवळ. दुसरा जेडाइट, घनता ३.३३ च्या जवळ. जेडाइट थोडा जास्त कठीण, पण नेफ्राइट चिवट. त्याचे धागे आत एकमेकांत गुंतलेले असतात, म्हणून तो फोडायला गेलात तर जीव काढतो आणि म्हणूनच इतका पातळ घासता येतो. बऱ्हाणपूरकरांनी सांगितलेला पेला नेफ्राइटचाच.

सुनेच्या हातातली हिरवीगार बांगडी बहुतेक जेडाइट असणार. तो मुख्यतः ब्रह्मदेशातून, कचिन भागातल्या फाकांतच्या खाणींतून येतो. चिनी दरबारात तो मोठ्या प्रमाणात आला अठराव्या शतकात, आणि पुढे त्सशी महाराणीने त्याचं फारच कौतुक केलं. आज बाजारात सगळ्यात महाग तोच, म्हणून जेड म्हणजे हिरवा असं जगभर झालंय. त्या खाणींचं चित्र मात्र भयानक आहे. जुलै २०२० मध्ये तिथे मातीचा ढिगारा कोसळून १७० हून जास्त माणसं गेली. हिरव्यात फसवणूकही जास्त. ॲसिडने धुऊन आत प्लास्टिकचा राळ भरतात, किंवा सरळ रंग देतात. ते काट्यावर पकडता येत नाही, प्रयोगशाळेचंच काम. पण आजीची बांगडी तपासायची काय गरज? ती राहू द्या तिच्या हातात.

पांढऱ्याचा मान जुना. चीनच्या शिनच्यांग प्रांतात कुनलुन पर्वतातून दोन नद्या खोतानकडे उतरतात, युरुंगकाश आणि काराकाश, म्हणजे पांढऱ्या आणि काळ्या जेडच्या नद्या. उन्हाळ्यात बर्फ वितळून पूर येतो, पूर ओसरला की गोटे वेचायचे. त्यातला दुधाळ, किंचित पिवळसर झाक असलेला, हाताला स्निग्ध लागणारा सगळ्यात वरचा. त्याला ते मेंढीच्या चरबीचं नाव देतात. ताईंनी तूप म्हटलं, शाकाहारी घर दिसतंय.

एक सांभाळा. आकडा नेफ्राइटशी जुळतो एवढंच काट्याने सांगितलं, खोतानच्या नदीतला आहे की छिंगहाय प्रांतातला की रशियातला, हे काटा सांगणार नाही. भावात यामुळे जमीन-अस्मानाचा फरक पडतो. म्हणून घरात लाखाच्या गोष्टी सुरू करू नका.

जाऊबाईंनी चकती घालावी, दिवाळीला पोरगी यायच्या आधीपासून घालावी. ती डबीत दिसली तर पोर बोलणार नाही, पण तिच्या आईला फोनवर कळेलच. सेंट आणि केसांचा डाय लागू देऊ नका. कोमट पाणी, मऊ कापड, बस. दागिने धुण्याच्या अल्ट्रासॉनिक मशीनमध्ये टाकायची नाही. दोरा कुजतो, वर्षाकाठी बदला, आणि नवा लालच घ्या. भोकाला सोन्याची कडी लावून घ्यायची हौस असेल तर सैल लावा, घट्ट दाबून बसवताना कड उडते. परतभेट द्यायची झाली तर आपलं सोनं-चांदी, साडी काहीही चालेल. घड्याळ मात्र देऊ नका, त्यांच्यात ते अंत्यविधीच्या अंगाने अशुभ धरतात. सुरी-कात्रीही नको.

भुसावळ_जंक्शन

२००८ च्या बीजिंग ऑलिंपिकची पदकं आठवतात का? मागच्या बाजूला जेडची कडी बसवलेली होती. सुवर्णाला पांढरा, रौप्याला हिरवट पांढरा, कांस्याला हिरवा. म्हणजे अभिनव बिंद्राच्या सुवर्णपदकात पांढरा जेड आणि सुशील कुमार, विजेंदरच्या कांस्यपदकांत हिरवा. पांढरा वरचा का, ते आज कळलं. सासूबाईंना हे सांगा, लगेच पटेल.

पारोळ्याची_ताई

सांगितलं. त्यांनी चकती हातात घेतली, उजेडाला धरली, गालाला लावून बघितली. "गार शे," म्हणाल्या, आणि मग जाऊबाईंना विचारलं, हिला कडी लावायला किती ग्रॅम लागेल. खडेवाला दादा, आभार. दोरा आजच बदलते.

तोळामासा

बरं, हरलो म्हणत नाही, पण ऐकलं. माझ्याकडे एक मरगजची अंगठी आहे, बुधासाठी एका ज्योतिषाने दिलेली, चांदीत. पाच हजार घेतले होते. मरगज म्हणजे जेडच ना? ग्लासात बुडवून बघू का?

खडेवाला_जळगाव

बाजारात मरगज म्हणून जेडही देतात आणि हिरवा ॲव्हेंच्युरिनही देतात. ॲव्हेंच्युरिन म्हणजे क्वार्ट्झच, कर्नाटकात भरपूर निघतो, घनता २.६५ च्या आसपास. बॅटरीच्या उजेडात तिरकं धरून भिंगाने बघा, आत बारीक चमचम दिसली तर तोच. पण अंगठी बुडवून उपयोग नाही भाऊ, चांदीचं वजन मधे येतं. आधी खडा काढावा लागेल. दुकानावर आणा, दुपारी दोननंतर मी मोकळा असतो. काढायची मजुरी मात्र खड्याच्या किमतीपेक्षा जास्त होण्याची शक्यता धरून या.